वाचक विचारतात : ‘हात एकुं हात’

मागच्या अंकात गुजरातेतल्या छोटाउदेपूरजवळच्या तेजगढच्या पिठोऱ्यावर, म्हणजे राठवा आदिवासी घरातल्या भिंतीवर लिहितात त्या देवाच्या चित्रावर, आणि त्यांच्या राठवी भाषेवर मी जेमतेम दीड पान लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, ते मुद्दामच लांबू दिलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्याजवळ दिवसपाळीला एक मुलगी येते, छोटाउदेपूरकडची, राठवा. गुजराती छान बोलते, आमचं मराठीही तिला समजतं. पण आईचा फोन आला की गॅलरीत जाते, दार ओढून घेते आणि काही वेगळंच बोलते. मी विचारलं, ही कुठली भाषा गं? तर म्हणाली, ‘भाषा नथी बेन, अमारी गामठी बोली छे.’ तुम्ही मात्र ‘राठवी भाषा’ लिहिलंत. खरं काय? आणि ही मुलं शिकली, शहरात आली, गुजराती-इंग्रजी बोलू लागली, तर मागचं धरून ठेवण्यात त्यांचं काय हित आहे? वाईट अर्थाने विचारत नाही, समजून घ्यायचं आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ‘दार ओढून घेते’ हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ते दार तिने का ओढलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण असलं एक दार मी स्वतः लावलेलं आहे.

मी बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. शाळेच्या मागे इमारतींची कामं चालायची. कवांट आणि छोटाउदेपूरकडून आलेली माणसं तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहायची आणि त्यांची काही मुलं आमच्याकडे यायची. त्यातला एक मुलगा चौथीत होता. पाढे तोंडपाठ. एकदा मी त्याला उभं करून साताचा पाढा म्हणायला लावला. तो खणखणीत आवाजात म्हणाला, ‘हात एकुं हात, हात दु चौद.’ वर्ग फुटला. पोरांनी दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. मी पोरांना गप्प केलं, आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाले, ‘हात नहीं, सात. साचुं बोल.’ त्याने तीन वेळा प्रयत्न केला. तीनदा ‘हात’च आलं. चौथ्यांदा तो खाली बसला. वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने वर्गात मोठ्याने एक आकडाही उच्चारला नाही. पाटीवर उत्तरं मात्र सगळी बरोबर यायची.

त्याचं चुकलं नव्हतं. राठवी ज्या भिली कुळातली आहे, त्या कुळातल्या बऱ्याच बोलण्यांत ‘स’चा ‘ह’ होतो, आणि तो नेमाने होतो. ‘सात’चं ‘हात’ होणं म्हणजे जीभ जड असणं नव्हे, ते त्या भाषेचं व्याकरण आहे. सिंधूचं हिंदू झालं तेही याच वाटेने. सुरतेचा माणूस ‘शुं’ला ‘हुं’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला सुरती लहेजा म्हणतो आणि कौतुक करतो. तोच ‘ह’ राठव्याच्या तोंडी आला की गामठी. हे मला कळलं ते निवृत्त झाल्यावर. तेव्हा कळलं असतं तर मी वर्गाला सांगितलं असतं की आज आपण एका आकड्याची दोन नावं शिकलो.

आता भाषा की बोली. ग्रियर्सन साहेबाने इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानभरच्या भाषांची पाहणी केली, त्यात भिली भाषांना आणि खानदेशीला मिळून एक स्वतंत्र भाग दिला आहे, १९०७ सालचा. म्हणजे आपल्या अहिराणीची आणि या भाषांची बैठक एकाच ओसरीवरची. २०११च्या जनगणनेत ‘भिली/भिलोडी’ या एका नावाखाली एक कोटी चार लाखांवर माणसं मोजली आहेत. वागडी, भिलाली, पावरी, गामित अशा कितीतरी भाषा त्या एका नावात कोंबल्या आहेत. एवढी माणसं असूनही घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे देशाने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, भिली नाही. संथाळी आणि बोडो २००३च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने आत आल्या, कारण त्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. संथाळीला तर रघुनाथ मुर्मूंनी १९२५च्या सुमारास ओल चिकी ही स्वतःची लिपीच घडवून दिली होती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की जिच्यात माणूस आईशी बोलतो, नवस बोलतो आणि आपलं कुणी गेलं की रडतो ती भाषाच असते. बोली म्हणायचं तर पुण्याची मराठीसुद्धा एक बोलीच, तिला छापखाना लवकर मिळाला इतकंच.

हिताचं विचारलंत. त्यासाठी तुम्हाला त्यांच्या घरातल्या एका भिंतीपाशी नेते.

राठव्यांच्या घरात ओसरीची जी आतली भिंत असते, तिच्यावर पिठोरा असतो. घरात आजार आला, गुरं मरायला लागली, मूल होईना, की घरधनी बाबा पिठोऱ्याला नवस बोलतो. नवस फेडायच्या दिवसाआधी घरातल्या कुमारिका भिंत शेणाने सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. मग लखारे येतात. लखारा म्हणजे लिहिणारा. पिठोरा काढत नाहीत, रंगवतही नाहीत, लिहितात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवलेले. भिंतभर घोडे उमटतात, चंद्र-सूर्य येतात, बारा डोक्यांचा धनी येतो, एका पायाचा एकटांगियो येतो, आणि सुपडकन्नो येतो, सुपाएवढ्या कानांचा. (सूप, कान. दोन्ही शब्द आपल्या माजघरातले, नाही का?) सगळं लिहून झालं की बडवो, म्हणजे त्यांचा भगत, अंगात येऊन भिंतीसमोर उभा राहतो आणि एकेका आकृतीला नावाने हाक मारत भिंत वाचतो. काही राहून गेलं असेल तर ते तिथल्या तिथे लिहायला लावतो.

लखारा लिहितो आणि बडवो वाचतो, हे दोन्ही ज्या भाषेत होतं ती ही, गॅलरीत दार लावून बोलली जाणारी. ती गेली तरी चित्रं राहतील. दिल्लीच्या प्रदर्शनात राहतील, हॉटेलांच्या भिंतींवर राहतील. पण तो घोडा कुणाचा आणि तो कुठे निघाला आहे, हे सांगणारं तोंड राहणार नाही. तुमच्याकडच्या मुलीचं हित त्या तोंडाशी बांधलेलं आहे. शिवाय मूल आधी घरच्या भाषेत शिकलं की दुसरी भाषा त्याला सोपी जाते, जड नाही. आपल्या घटनेतही कलम ३५०क आहे, १९५६पासून. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. माझ्या त्या विद्यार्थ्याला ‘हात’पासून सुरू करू दिलं असतं तर ‘सात’पर्यंत तो आपणहून आला असता.

तुम्ही काय कराल? फोन आला की तिला म्हणा, ‘अगं, इथेच बस, आईंना काही त्रास नाही.’ सासूबाईंच्या सेवेत दिवसभर लागणारे पाच-दहा शब्द तिच्याकडून शिकून घ्या : पाणी, उशी, दुखतंय, कूस बदल. चुकाल, ती हसेल, हसू द्या. आणि येत्या जनगणनेत मोजणीदार दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात तिने न लाजता ‘राठवी’ सांगावं, हे तिच्या कानावर घाला. गुजरात्यांच्या गावात राहतो म्हणून गुजराती, असं सांगून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. १९७१पासून दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेल्या भाषांची नावं छापील तक्त्यांतून गळली आहेत. न सांगितलेल्या भाषेची तर मोजदादच होत नाही.

प्रश्न : ताई, तुम्ही आदिवासींच्या भाषेची काळजी करता ते योग्यच. पण आमच्या बडोद्याच्या मराठीचं काय? माझा नातू सहा वर्षांचा, इंग्रजी शाळेत. मी मराठीत बोलते, तो गुजरातीत नाहीतर इंग्रजीत उत्तर देतो. मुलगा म्हणतो, ‘आई, आता इथे मराठीचं काय काम?’ रागावून उपयोग होत नाही. काय करू?
— एक आजी, वाघोडिया रोड, बडोदे

उत्तर : आजी, आधी एक फरक नीट पाहून घेऊ. मराठी सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांची भाषा आहे. तिला राज्य आहे, विद्यापीठं आहेत. आपल्या बडोद्यातच साहित्य संमेलन चार वेळा भरलं : १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. उद्या तुमचा नातू मराठी विसरला तर मराठी मरणार नाही. राठव्यांच्या दोनशे नातवांनी आपली भाषा सोडली तर एखादं अख्खं गाव मुकं होतं. दोन दुःखं एकाच तराजूत घालू नयेत.

पण तुमचं दुःख खोटं नाही, आणि त्याचा इलाज माओरी आज्यांनी करून ठेवला आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची ही गोष्ट. १८६७च्या कायद्याने त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी शाळा निघाल्या आणि पुढे कित्येक शाळांत माओरी बोलणाऱ्या मुलांना मार मिळू लागला. मार खाल्लेली मुलं मोठी झाली तेव्हा आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलू लागली, लेकरांना मार बसू नये म्हणून. (हे वाचताना मला तुमचा मुलगा आठवला. त्यालाही बिचाऱ्याला मुलाचं भलंच हवं आहे.) १९७०च्या दशकात असं दिसलं की आजी-आजोबांना भाषा येते, आई-बापांना येत नाही, आणि नातवंडांच्या कानावर ती पडतच नाही. १९७२ साली तीस हजार सह्यांचा अर्ज त्यांच्या संसदेत गेला. पण खरं काम सुरू झालं ते १९८२ला, वेलिंग्टनजवळ वैनुइओमाता इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ उघडलं तेव्हा. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. मधली पिढी निसटली होती, तर त्यांनी सरळ आजीला नातवाजवळ नेऊन बसवलं. बाळं आत आणि आज्या आत. दाराच्या आत फक्त माओरी : खाणं, भांडण, गाणं, चड्डी बदलणं, सगळं माओरीत. पुस्तक नाही, परीक्षा नाही. १९८७ला माओरी देशाची अधिकृत भाषा झाली. १९९४पर्यंत अशी आठशे घरटी झाली होती आणि त्यांत चौदा हजार मुलं होती.

पुढे ही संख्या घटली, हेही सांगायला हवं. मूल घरट्यात माओरी बोले आणि संध्याकाळी घरी आलं की आई-बाप इंग्रजी. म्हणून मग मोठ्यांनाही भाषा शिकायला बसावं लागलं.

तेव्हा आजी, तुम्ही दिवसभर मागे लागू नका. एक वेळ धरा. रात्रीची निजायची असेल किंवा शनिवारच्या आंघोळीची. त्या वेळात तुम्ही मराठीशिवाय दुसरं बोलायचं नाही. तो कुठल्याही भाषेत उत्तर देवो. गोष्ट सांगा आणि ऐन रंगात थांबा, ‘पुढे काय झालं?’ एवढं तो मराठीत विचारेपर्यंत. आणि त्याला सुधारू नका. आपण बडोदेकर खिडकीला बारी म्हणतो, एखादी गोष्ट सोयीची पडली की ‘फावतं’ म्हणतो, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्या भुवया उंचावतात. माझी आई त्या पाहुण्यांसमोर बोलायचीच बंद व्हायची. नातू म्हणाला, ‘आजी, बारी बंध कर’, तर बारी लावून घ्या. मुलालाही त्या अर्ध्या तासात जवळ बसवा. त्याच्या तोंडात मराठी अजून आहे, फक्त कामाला लावायची आहे.

प्रश्न : मॅडम, मी सयाजीराव विद्यापीठात शिकतो. बोलणारं एकही माणूस उरलं नाही अशी भाषा परत बोलती करता येते का? आणि बडोद्यात या विषयाचं काम कुठे पाहायला मिळेल?
— एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : येते, पण फार क्वचित, आणि काहीतरी लिहिलेलं मागे असेल तर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वाम्पानोआग लोक आहेत. त्यांची भाषा शंभर वर्षांहून अधिक काळ कुणी बोलत नव्हतं. पण जॉन एलियट नावाच्या पाद्र्याने १६६३ला त्यांच्या भाषेत अख्खं बायबल छापलं होतं, त्यांना ख्रिस्ती करण्यासाठी. शिवाय त्या लोकांनी स्वतः लिहिलेली जमिनीची खरेदीखतं आणि अर्ज शिल्लक होते. त्यांच्यातल्याच जेसी लिटल डो बेअर्ड या बाईंनी १९९०च्या दशकात हे कागद हाती घेतले, केन हेल या भाषाशास्त्रज्ञाकडे शिक्षण घेतलं आणि बहीणभाषांच्या आधाराने उच्चार आणि व्याकरण पुन्हा उभं केलं. त्यांची मुलगी ही भाषा जन्मापासून ऐकत वाढली. कितीतरी पिढ्यांनंतरची ती पहिलीच. ज्या जमिनी हातातून गेल्या त्यांचीच खरेदीखतं भाषा परत मिळवायला उपयोगी पडली, हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

आपल्याकडे अंदमानात बोआ सीनियर या बाई २६ जानेवारी २०१० रोजी गेल्या. बो भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. अन्विता अब्बी यांनी त्यांचा आवाज आणि शब्द जमेल तेवढे नोंदवून ठेवले होते. नोंद आहे, पण ती ऐकून बोलायला शिकेल असं लेकरू मागे नाही. म्हणून बोलणारे आहेत तोवर लेकरांकडे जायचं असतं.

आता बडोद्याचं. गणेश देवी हे आपले भोरचे मराठी माणूस. तुमच्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९९६ला त्यांनी बडोद्यात भाषा संशोधन व प्रकाशन केंद्र सुरू केलं आणि पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. ‘ढोल’ नावाचं नियतकालिक आदिवासी भाषांत निघालं. लिपी गुजराती पण भाषा आपली, असं छापलेलं तिथल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बोआ सीनियर गेल्या त्याच वर्षी मार्चमध्ये देशभरच्या भाषांची माणसं बडोद्यात जमली आणि तिथून भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाला सुरुवात झाली. त्यात ७८० भाषांची नोंद झाली, आणि ती करणारे बहुतेक जण त्या-त्या भाषेचेच होते.

तू प्रतापनगर स्टेशनावरून छोटाउदेपूरची गाडी पकड. डभोई, बोडेली मागे टाकून तेजगढला उतर. कोरज डुंगर समोर दिसतो, त्यावर जुनी शैलचित्रं आहेत. अकादमीत वाद्यं, दागिने, भांडी ठेवलेलं ‘वाचा’ हे संग्रहालय आहे. ते बघच. पण त्याआधी वसंतशाळेच्या ओट्यावर थोडा वेळ बस. तिथे मुलं आधी आपल्या भाषेत शिकतात आणि मग गुजरातीकडे वळतात. मी गेले तेव्हा एक चिमुरडी बिया मांडून मोजत होती. सातव्या बीला ती म्हणाली, ‘हात’. आणि पुढे मोजत गेली. कुणीही मान वर करून पाहिलं नाही. मी ओढणीने डोळे टिपले आणि तिथून उठले.

होळीच्या आसपास गेलास तर कवांटचा घेरचा मेळा मिळेल. मात्र कुणाचाही फोटो काढण्याआधी विचार.

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात पिठोरा लावायची इच्छा आहे. देवाचं चित्र म्हणून काही वावगं तर होणार नाही ना?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : नवसाचा पिठोरा फक्त त्यांच्या घराच्या भिंतीवर, बडव्याच्या समोरच लिहिला जातो. तो विकत मिळत नाही. कापडावर, कागदावर काढलेला मात्र लखारे स्वतःच देतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. परेश राठवा यांना २०२३ला पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. दुकानातून छापील नक्कल आणू नका. छोटाउदेपूरला जा, लखाऱ्याकडून घ्या आणि तो सांगेल ती किंमत द्या. घेताना एकेका आकृतीवर बोट ठेवून तिचं नाव त्याला त्याच्या भाषेत सांगायला लावा, आणि चित्राच्या मागे लिहून ठेवा. पाहुणे विचारतील तेव्हा तीच नावं सांगा.